सतरा मेला कॉफीच्या टेबलामागे

प्रिय ताई,

आम्ही मूळचे तासगाव भागातले. नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्वेत स्टावांगरला येऊन दोन वर्षं होत आली. हे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतात, दोन आठवडे तिकडे आणि चार आठवडे घरी. थोरली लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. धाकटा दोन वर्षांचा.

इथे १७ मे हा राष्ट्रीय दिवस. गेल्या वर्षी लेकीला तिच्या वर्गाच्या रांगेत सोडलं आणि धाकट्याला बाबागाडीत घालून मी मिरवणूक बघत उभी राहिले. सगळ्या बायका त्यांच्या पारंपरिक पोशाखात, अंगावर चांदीचे दागिने, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी जीन्स आणि जाकिटात. दीड तास फुटपाथवर उभी होते, माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. नंतर शाळेच्या मैदानावर जत्रेसारखं काही असतं, हे मला माहीतच नव्हतं. लेकीला घेऊन घरी आले, वरणभाताचा कुकर लावला आणि रडले. शाळा उघडल्यावर मैत्रिणींनी तिला विचारलं, "तू का नव्हतीस?"

यंदा ती जत्रा दुसरीच्या पालकांनी सांभाळायची आहे. प्रत्येकाने एक केक आणायचा आणि एक तास काम करायचं. नेमके तेव्हा हे प्लॅटफॉर्मवर असणार. केक पाठवून द्यावा आणि कामाला नाही म्हणावं, असं वाटतंय.

दुसरं म्हणजे, लेक घरभर त्यांचा झेंडा घेऊन 'हुर्रा' ओरडत फिरते. परवा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "पंधरा ऑगस्टला काय करते गं ही?" मी गप्प बसले, कारण गेल्या पंधरा ऑगस्टला आम्ही काहीच केलं नव्हतं. लेकीने विचारलं, "आई, आपला झेंडा कुठला?" त्याचंही उत्तर राहिलंय.

मी काय करू? त्या दिवशी आम्ही काय घालावं? इकडचा पोशाख विकत घ्यावा का? मिरवणुकीत लेकीच्या हातात तिरंगा दिला तर चालेल का? मला अगंतुगंच करा.

– फुटपाथवरची आई, स्टावांगर

*

अगं,

कुकरचं वाचलं आणि मला माझं नॉर्वेतल्याच बर्गनमधलं स्वयंपाकघर आठवलं. नऊ वर्षं काढली मी त्या गावात. पहिले दोन १७ मे मीही फुटपाथवरूनच पाहिले, त्यातला एक तर छत्री उलटी करणाऱ्या पावसात. त्यामुळे तुला जे झालं ते काय होतं हे मला ठाऊक आहे, आणि ते तुझ्या जीन्समुळे झालं नाही हेही ठाऊक आहे.

आपल्याला रस्त्यावर लोटलेली गर्दी म्हणजे सगळ्यांची गर्दी वाटते. गणपतीच्या मिरवणुकीत अनोळखी माणूसही हातावर प्रसाद ठेवतो, गुलाल लावतो. नॉर्वेतली १७ मेची गर्दी तशी नसते. ती शेकडो छोट्या घोळक्यांची असते. सकाळी आठला ज्यांच्या घरी न्याहारीला जमले तो घोळका, मुलाच्या वर्गाच्या पालकांचा घोळका, बँडपथकातल्या मुलांच्या आईबापांचा, आजीकडे जेवायला जाणाऱ्यांचा. हे सगळे शेजारीशेजारी उभे असतात, म्हणून आपल्याला ती एक गर्दी दिसते. तू त्यातल्या कुठल्याच घोळक्यात नव्हतीस. तुला कोणी टाळलं नाही. तू कोणाच्या वाट्याला आली नव्हतीस, इतकंच. पण त्याचं दुःख टाळल्याइतकंच होतं, हे मी नाकारत नाही.

आणि यंदा तुला वाट्याला येण्याचं आमंत्रण आलंय. शाळेचा तो निरोप तू ओझं म्हणून वाचलास. मी तो आमंत्रण म्हणून वाचला.

त्या कामाला तिकडे दुग्नाद म्हणतात, हा शब्द तुझ्या कानावर आलाच असेल. वसंतात सोसायटीचं अंगण साफ करायचं असो, शाळेच्या बँडसाठी पैसे उभे करायचे असोत, सगळे मिळून बिनपैशाने हात लावतात. तू तासगावची आहेस, तुला 'सावड' वेगळी समजावून सांगायला नको. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. आपल्याकडे सावडीला न गेलेल्या माणसाशी गाव भांडत नाही, पण पुढच्या वेळी त्याला हाक मारायचं विसरतं. तिकडेही तसंच आहे. नॉर्वेजियन माणूस बसमध्ये तुझ्या शेजारची रिकामी जागा सोडून उभा राहील, लिफ्टमध्ये बुटांकडे बघेल. गप्पा मारायला म्हणून त्याला गप्पा मारता येत नाहीत. पण हातात कॉफीची किटली आणि समोर दोनशे कप असले की तोच माणूस तुला त्याच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं सांगतो. तिथली ओळख कामातून होते. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तुझी लागू नयेत.

म्हणून माझा सल्ला तुझ्या मनात आहे त्याच्या उलटा आहे. केक जमला नाही तर आणू नकोस, पण तो एक तास सोडू नकोस.

नवरा नाही, दोन वर्षांचं पोर कडेवर, हे सगळं वर्गाच्या पालक-प्रतिनिधीला सरळ लिहून टाक. "माझे यजमान समुद्रावर आहेत, मी धाकट्याला घेऊन येईन, मला असं काम द्या की त्याची गाडी शेजारी ठेवता येईल." स्टावांगरमध्ये प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्यांची घरं काही थोडी नाहीत. त्या यादीत तुझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी निघतील, आणि त्यांच्यापैकी एखादीशी तुझी मैत्री होईल असा माझा होरा आहे. कॉफीचं टेबल माग. सॉसेज उकळण्याच्या पातेल्याजवळ जाऊ नकोस, तिथे पोराला भाजायची भीती. पोत्याच्या शर्यतीजवळही नको, तिथे नॉर्वेजियन भाषेत भराभर ओरडावं लागतं. कॉफीच्या टेबलाशी लोक स्वतः येतात, थांबतात, आणि तुला चारच वाक्यं यावी लागतात.

शर्यतींवरून आठवलं. त्या मैदानावर जाशील तेव्हा तुला तासगावचं गॅदरिंग दिसेल. पोत्यात पाय घालून उड्या, चमच्यात बटाटा ठेवून पळणं (आपला लिंबू-चमचा, फक्त लिंबाच्या जागी बटाटा), पडद्याआड गळ टाकून पुडी 'पकडणं'. आईस्क्रीमला तर त्या दिवशी धरबंधच नसतो, कितीही खाल्लं तरी कोणी रागवत नाही. ही सवलत लेकीला अगोदर सांगून ठेव, बिचारी गेल्या वर्षी मुकली.

खाण्याचं थोडक्यात. ते सॉसेज म्हणजे पोल्से, बहुतेक डुकराच्या मांसाचं असतं. तुमच्या घरी चालत नसेल तर दोन दिवस आधी सांग, नाहीतर शाकाहारी सॉसेजचं पाकीट घरून ने. ज्यात ते गुंडाळतात ते लोम्पे मात्र लेकीला द्यायला हरकत नाही. बटाट्याची मऊ पोळीच ती, आपल्या मुलांना आवडते. केकचं म्हणशील, तर तुला जे हातखंडा येतं ते कर. रव्याचा केक कर, नाहीतर नानकटाई कर. छोटे तुकडे, आणि शेजारी कागदावर घटक लिहून ठेव: गहू, दूध, सुका मेवा, अंडं आहे की नाही. ॲलर्जीबद्दल तिकडे फार काळजी घेतात, आणि असा कागद दिसला की लोकांना तुझ्याबद्दल विश्वास वाटतो. नानकटाई उरली तर मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी मुलांना क्रीमचा केक आणि आईस्क्रीम सोडून काही दिसत नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो टोमणा म्हणून ऐकू नकोस. प्रश्न बरोबर आहे, फक्त जोडी चुकली आहे. १७ मेची जोडी पंधरा ऑगस्टशी नाही, सव्वीस जानेवारीशी लागते.

नॉर्वे १७ मेला स्वतंत्र झाला नाही. चारशे वर्षांच्या आसपास तो देश डेन्मार्कच्या राजाखाली होता. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला उभा होता, म्हणून जानेवारी १८१४ मध्ये कीलच्या तहात नॉर्वे उचलून स्वीडनच्या राजाला देऊन टाकला. सातबारा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करावा तसा, तिथल्या माणसांना न विचारता. तेव्हा एप्रिलमध्ये आइड्सवोल नावाच्या गावातल्या एका वाड्यात ११२ माणसं जमली. शेतकरी, अधिकारी, पाद्री, सैनिक. त्यांनी जेमतेम सहा आठवड्यांत राज्यघटना लिहिली, आणि तिच्यावर तारीख पडली १७ मे १८१४. त्याच वर्षी अखेरीस त्यांना स्वीडनशी एका राजाखाली नांदावंच लागलं. पण घटना त्यांनी सोडली नाही. स्वीडनपासून ते वेगळे झाले १९०५ मध्ये, एकही लढाई न करता. एवढं होऊनही साजरा होतो तो दिवस घटनेचा. १८२९ मध्ये राजधानीतल्या चौकात हा दिवस साजरा करायला जमलेल्या लोकांवर घोडदळ सोडलं होतं, कारण स्वीडनच्या राजाला हा सण नको होता. जर्मनांनी देश व्यापला तेव्हाही पाच वर्षं बंदी होती.

बर्गनला माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मी तिसऱ्या वर्षी कॉफीच्या टेबलामागे उभी राहिले, तेव्हा त्या माझ्या शेजारी कप मांडत होत्या. कप मांडता मांडता त्यांनी सांगितलं, १९४५ मध्ये त्या सात वर्षांच्या होत्या. मेच्या आठ तारखेला युद्ध संपलं आणि नवव्या दिवशी १७ मे आला. त्यांच्या आईने पेटीच्या तळातून झेंडा काढला. पाच वर्षं घडीत राहिल्यामुळे त्याच्यावर चौकोनी घड्या पडल्या होत्या, आणि इस्त्री करायला थांबायचं नाही म्हणून तो तसाच, घड्यांसकट मिरवणुकीत नेला. त्या घड्यांचं वर्णन करताना त्या टेबलक्लॉथवर बोटाने चौकोन काढत होत्या. तुझी लेक घरभर नाचवते तो झेंडा तो आहे.  तो हातात धरल्याने आपल्या घराण्याला, देशाला कसलंही उणेपण येत नाही, हे मी तुला मनापासून सांगते.

आणि त्या मिरवणुकीत रणगाडे नसतात. पुढे असतात मुलं. राजधानीत मुलांची पहिली मिरवणूक निघाली १८७० मध्ये, नुसत्या मुलग्यांची. मुलींना त्यात यायला १८८९ उजाडावं लागलं. आज ऑस्लोत शंभराहून जास्त शाळांची मुलं राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराणं गच्चीत उभं राहून तासन् तास हात हलवतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली प्रभातफेरी आठवली. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, इस्त्रीचा गणवेश, पुढे ढोल-ताशा, आणि गावातून फिरून आल्यावर हातावर पडणारे बुंदीचे लाडू. तुझ्या लेकीला प्रभातफेरी कधी मिळाली नाही. ती तिला स्टावांगरच्या रस्त्यावर मिळतेय, तर मिळू दे. सासूबाईंना हाच शब्द वापरून सांग: "आई, ही त्यांची प्रभातफेरी आहे." मला वाटतं त्यांना लगेच कळेल, आपण एवढं सगळं सांगण्याची गरजही पडणार नाही.

त्यांना दाखवही. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचा दीड, जेवणं झालेली असतात. फोन लावून मिरवणुकीसमोर धर. नातीला रांगेत चालताना पाहिल्यावर आजी काय म्हणते ते मला पुढच्या पत्रात कळव.

झेंड्याचा प्रश्न लेकीने तुला विचारलाय, तेव्हा उत्तर तुझ्याकडूनच जायला हवं. आणि गुळगुळीत उत्तर देऊ नकोस. "दोन्ही आपलेच" हे ऐकायला गोड आहे, पण सात वर्षांच्या मुलीला त्यातली टाळाटाळ कळते. खरं सांग. "आपला झेंडा तिरंगा. आपण भारताचे. हा इथल्या लोकांचा झेंडा आहे, आपण इथे राहतो, तुझी शाळा इथली आहे, म्हणून त्यांच्या सणाला आपण तो आदराने हातात धरतो." ती विचारेल, "मग मी कुठली?" तर म्हण, "तू आज तासगावची, स्टावांगरला शिकणारी. मोठी झाल्यावर तुझं तू आणखी काही सांगू शकशील." पुढे नागरिकत्वाचा प्रश्न कधी आलाच, तर त्याचा विचार तेव्हा करा. नॉर्वे २०२० पासून दुहेरी नागरिकत्व देतो, भारत देत नाही, म्हणजे तो निर्णय एक पासपोर्ट सोडण्याचा असेल, आणि तो तुम्ही नवराबायकोंनी शांतपणे बसून घ्यायचा. मिरवणुकीत कागदी झेंडा धरला म्हणून तो निर्णय होत नाही. सासूबाईंच्या मनात भीती असलीच तर ती हीच असेल, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

एक मात्र लेकीला शिकव: झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही, आणि मिरवणूक संपल्यावर तो कुठे टाकायचा नाही. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी आपल्या रस्त्यांवर पडलेले तिरंगे पाहून ज्याच्या पोटात कालवतं, त्याला दुसऱ्याच्या झेंड्याचा मान ठेवणं वेगळं शिकवावं लागत नाही.

मिरवणुकीत तिरंगा नेऊ का, असं विचारलंस. माझं मत विचारशील तर या मिरवणुकीत नको. नियमाचं म्हणशील तर तिथे प्रत्येक गावाची १७ मे समिती आपापले नियम ठरवते, आणि परक्या देशांच्या झेंड्यांवरून तिथे अनेकदा वाद झालेले आहेत. शाळेला विचारता येईल. पण माझं कारण नियमाचं नाही. दुसऱ्याच्या घरच्या बारशाला गेल्यावर आपण आपल्या बाळाचं नाव ठेवून घेत नाही. तिरंग्यासाठी दिवस आहेत, आणि ते दिवस तुम्ही रिकामे सोडलेत. भरायचे ते भरा, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी कपड्यांचं, कारण मला माहीत आहे, रात्री झोपताना तू त्याचाच विचार करत असशील.

बुनाद, म्हणजे तिथला तो पारंपरिक पोशाख, विकत घेऊ नकोस. हातभरतीचा खरा बुनाद चांदीसकट कित्येक दहा हजार क्रोनरना पडतो, हा एक भाग. दुसरा भाग असा की तो कपडा म्हणजे माणसाचं गाव असतं. कोणत्या खोऱ्यातला, कोणत्या आजीच्या माहेरचा, हे त्याच्या रंगावरून आणि भरतकामावरून ओळखतात. कित्येकींना तो पंधराव्या वर्षाच्या सुमाराला धर्मदीक्षेच्या वेळी घरातून मिळतो. काहीजणी आईचा किंवा आजीचाच घालतात, जागोजागी सैल करून. आपल्या घरी आजीची नऊवारी ज्या पेटीत असते ना, तसंच हे. तू तिथे वीस वर्षं राहिलीस, गावाने तुला आपलं म्हटलं आणि तुला मनापासून घालावासा वाटला, तर तेव्हा खुशाल घाल. यंदा मात्र तो तुझ्यासाठी फुकटचा खर्च आणि एक नवं अवघडलेपण होईल.

साडी नेस. पैठणी नको, मेमधल्या पावसाचा भरवसा नाही. एखादं जाड सुती इरकल काढ, काठ ठसठशीत असलेलं. आतून लोकरीचे थर्मल, परकराच्या खाली लोकरीची लेगिंग, पायात पाणी न शिरणारे बूट, आणि साडी बुटांपासून चार बोटं वर. मी पहिल्या वर्षी साडीवर चपला घातल्या होत्या, त्यानंतर आठवडाभर अंथरुणात होते. ब्लाउजवर लोकरीचं जाकीट चालतं, स्वतः बुनादवाल्या बायकाही तेच करतात. आणि डाव्या छातीवर त्यांच्या झेंड्याच्या रंगांची, लाल-पांढऱ्या-निळ्या रिबिनीची फीत लाव. तिला स्लोय्फे म्हणतात, एप्रिलपासून दुकानांत मिळते. इरकलीच्या पदरावर ती फीत दिसली की समोरच्याला तू कोण आहेस आणि का आली आहेस, दोन्ही कळतं.

लेकीला मात्र विचार. तुला ती परकर-पोलक्यात हवी असेल, मलाही पाहायला आवडेल. पण सातव्या वर्षी मुलांना मैत्रिणींसारखं दिसायचं असतं. ती नको म्हणाली तर पांढरा फ्रॉक आणि केसांना रिबीन पुरे. तिच्या 'नको'चा अर्थ तुला नाकारणं असा घेऊ नकोस. परकर-पोलकं ती आणखी दोन वर्षांनी आपणहून मागेल, तोवर एक माप मोठं शिवून ठेव.

ती चार वाक्यं आता. "ग्रातुलेरेर मे दागेन." दिवसाबद्दल अभिनंदन. वाढदिवसाला हेच म्हणतात, आणि १७ मेला येईल-जाईल त्याला हेच. तुला कोणी म्हटलं तर उलट हेच म्हण. "कॉफी?" हे तर आलंच. "तक्क" म्हणजे आभार. आणि चौथं, ज्याने माझी तिथली निम्मी माणसं जोडली: "वूर एर बूनादेन दिन फ्रा?" तुझा बुनाद कुठला? हे विचार आणि मग नुसतं ऐक. तुला हार्डांगरच्या बागा कळतील, कोणाच्या पणजीचं चांदीचं बटण कसं हरवलं आणि कुठे सापडलं ते कळेल. शेवटी ती तुझ्या साडीच्या काठाला हात लावून विचारेल, "आणि हे कुठलं?" मग तू सांग.

सगळे प्रेमाने वागतील, असं वचन मी तुला देत नाही. १९९९ मध्ये ऑस्लोच्या १७ मे समितीच्या अध्यक्ष रुबिना राणा होत्या, जन्माने पाकिस्तानी. परदेशात जन्मलेली बाई या दिवसाच्या मिरवणुकीच्या पुढे चालणार म्हणून त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तरी त्या चालल्या. ज्या घटनेचा हा सण, तिच्या दुसऱ्या कलमात ज्यू लोकांना देशात प्रवेशच नाही असं लिहिलेलं होतं. हेन्रिक वेर्गेलान नावाच्या कवीने त्याविरुद्ध आयुष्याची शेवटची वर्षं घातली. तो १८४५ मध्ये गेला, बंदी उठली १८५१ मध्ये. दर १७ मेला ऑस्लोतले ज्यू तरुण त्याच्या थडग्यावर फुलं वाहतात. मला त्या देशाबद्दल ममता वाटते ती या फुलांमुळे. सहा आठवड्यांत लिहिलेली घटना त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली नाही, दुरुस्त करत नेली. तेव्हा कोणी तुला वेडंवाकडं बोललंच, तर तो दिवस त्या माणसाच्या मालकीचा आहे असं समजू नकोस. वर्गशिक्षिकेला किंवा समितीतल्या कोणाला त्याच वेळी सांग. घरी नेऊन कुकरपाशी ते एकटीने सोसू नकोस.

राहिले आपले दोन दिवस.

पंधरा ऑगस्टला तुमच्याकडे शाळा नुकत्याच उघडलेल्या किंवा उघडायच्या बेतात असतात. सुट्टी नाही, रस्त्यावर काही नाही. ऑस्लोच्या दूतावासात झेंडावंदन होतं, पण तुमच्या गावाहून रेल्वेने आठ तास. दोन लहान मुलांना घेऊन दरवर्षी ते जमणार नाही. एकदा मात्र जा, लेकीने परदेशात तिरंगा चढताना आणि अनोळखी माणसं एका सुरात राष्ट्रगीत म्हणताना पाहायला हवं. बाकी वर्षी घरीच करा. लाल किल्ल्यावरचं ध्वजारोहण आपल्या सकाळी साडेसातच्या सुमाराला, म्हणजे तुमचे पहाटेचे चार. मुलांना उठवू नकोस, रेकॉर्डिंग न्याहारीच्या वेळी लाव. टेबलावर तिरंगा, सगळे उभे राहून जन गण मन, जिलेबी. जिलेबीचं पीठ आदल्या रात्री भिजवताना लेकीला सोबत घे, तिने पाक चिकट झाला की नाही ते बोटाने बघू दे. मोठं काही ठरवलंस तर दुसऱ्या वर्षी बंद पडेल. हे दहा मिनिटांचं आहे, ते टिकेल.

सव्वीस जानेवारीला मात्र जरा बाहेर पड. नवीन वर्षाच्या अंधारात तिकडे कोणाला काही करायचं नसतं, सगळ्यांना कोणीतरी बोलवावंसं वाटत असतं. कॉफीच्या टेबलाशी भेटलेल्या दोन घरांना जेवायला बोलाव. आपलं संचलन आपल्या साडेदहाला सुरू होतं, तुमचे सकाळचे सहा. जेवायला लोक येतील तेव्हा त्यातला चित्ररथांचा भाग लावून ठेव, त्यांची मुलं डोळे विस्फारून पाहतील. आणि त्यांना सांग, आम्हालाही तुमच्यासारखा घटनेचा दिवस आहे. आमच्या घटना समितीने जवळजवळ तीन वर्षं काम केलं, डॉ. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते, २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० ला ती अंमलात आली. मतदानाचा हक्क पहिल्या दिवसापासून बायकांनाही होता. नॉर्वेत तो सगळ्या बायकांना मिळाला १९१३ मध्ये, घटनेनंतर नव्व्याण्णव वर्षांनी. हे त्यांना माहीत नसतं आणि ऐकून ते मनापासून थक्क होतात. लेकीकडून प्रास्ताविका मराठीत पाठ करून घे. "आम्ही, भारताचे लोक" एवढ्या पहिल्या ओळीपासून सुरुवात कर. सासूबाईंना हे काम दे. रोज व्हिडिओ कॉलवर एक ओळ, त्या तिकडून म्हणतील, ही इकडून. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या स्वतःच तयार करतील.

आज मात्र यातलं काही करू नकोस. आज फक्त ती पालकांची यादी उघड. लेक कितीला परत येणार ते बघ, म्हणजे तिला रांगेत चालताना पाहणं चुकणार नाही, आणि त्यानंतरच्या तासात कॉफीसमोर स्वतःचं नाव लिही. खाली एक ओळ घाल की सोबत दोन वर्षांचा मुलगा असेल. बाबागाडीवरचं पावसाचं कव्हर तपासून ठेव, त्याची एक बाजू नेहमी फाटलेली निघते.

तुझी,
ताई